न लागलेला षड्ज

त्या रविवारी प्रभंजन मगदूमने कुणीही न लावलेल्या सुराला दाद दिली.

साधीसुधी दाद नव्हे. मांडीवर थाप, मिटलेले डोळे आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असं 'वाऽऽ!' खोलीतले बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. कारण प्रभंजन ज्या क्षणी असा विरघळला, नेमक्या त्याच क्षणी स्पीकरमधून अंबूताई तेरदाळकरांचा आवाज फुटला होता, त्या थांबल्या होत्या आणि नुसता तानपुरा वाजत राहिला होता.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मगदुमांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्या घरी, ही मंडळी दर रविवारी सकाळी जमायची. इथे 'कसे आहात' असं कुणी विचारत नसे. चपला काढता काढताच 'काय, सध्या काय ऐकताय?' अशी चौकशी व्हायची आणि उत्तरावरून समोरच्याच्या प्रकृतीचा अंदाज यायचा. जो तो आठवडाभर काय ऐकलं ते सांगायचा. मग ज्याची पाळी असेल त्याने आणलेला एक अल्बम सगळ्यांनी मिळून अथपासून इतिपर्यंत ऐकायचा. मधलं काही गाळायचं नाही, कुणी उठायचं नाही आणि भडंगाच्या डब्याला हात लावायचा नाही, कारण दिगंबर सरनोबतांच्या दाढा तबल्यावर कुरघोडी करायच्या. शेवटी प्रत्येकाने आपली जागा सांगायची. म्हणजे अल्बममधला तो एक क्षण, जिथून आपला पाय निघेना.

बाहेरचं जग केव्हाच पुढे गेलं होतं. लोकांच्या कानात दिवसभर काहीतरी गोड वाहत असे, आणि ते कुणाचं आहे हे विचारायची रीत उरली नव्हती. त्यामुळे या मंडळींना गल्लीत जरा चक्रमच समजत. मंडळींना त्याचा मनापासून अभिमान होता.

त्या दिवशी पाळी मंजिरीची होती. मंजिरी म्हणजे प्रभंजनची बायको, दुकानाची मालकीण, आणि या मंडळींतली सगळ्यात तिखट जीभ. तिने आणली होती 'उगारची मैफल'. अंबूताईंनी सत्तरी ओलांडल्यावर एका साखर कारखान्याच्या आवारात केलेलं हे गाणं. त्यातल्या मुलतानीच्या विलंबित ख्यालात बाई तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, एकेक सूर पारखत चढत जातात, आणि आता लागणार असं वाटतं तेव्हाच आवाज फुटतो. बाई खोकतात, 'वय झालं हो' म्हणतात, लोक हसतात. मग उरलेल्या ख्यालात त्या त्याच सुराच्या आजूबाजूला हिंडत राहतात, पण त्याला परत हात म्हणून लावत नाहीत. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तेवढा तुकडा कापायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी कापू दिला नव्हता.

मंजिरी आणि प्रभंजन एकमेकांना भेटले ते या सीडीपायी. कॉलेजच्या दिवसांत, सीडीच्या दुकानात, दोघांच्या हातांत हीच होती. त्याची जागा आणि तिची जागा एकच निघाली: आवाज फुटल्यानंतर बाई घेतात तो श्वास. घरच्यांना स्थळ पसंत पडायला पुढे दोन वर्षं गेली, पण मंजिरीचं मन त्या दुकानातच ठरलं होतं.

आणि आता हाच माणूस भडंगाचा डबा पुढे ओढत म्हणत होता, "माझी जागा? हे काय विचारणं झालं? तो षड्ज! काय लागलाय, काय ठेवलाय! आपण इतकी वर्षं ऐकतोय, पण आज अगदी काळजात घुसला."

"कुठला षड्ज?" दिगंबर सरनोबत म्हणाले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, प्रभंजनचे शाळेपासूनचे दोस्त. "काय बोलालाईस प्रभ्या? तिथं आवाज फुटतोय न्हवं बाईंचा."

"आवाज नाही, तुझे कान फुटलेत."

प्रभंजन थट्टा करतोय असं मंजिरीला वाटलं. "बरं, पुरे आता. बाई 'वय झालं हो' म्हणतात त्याचं काय?"

प्रभंजनने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती, नुसतं कुतूहल होतं. "कोण म्हणतं? यात तसं काही नाहीच आहे, मंजू."

मंजिरीने सीडीचं कव्हर हातातून खाली ठेवलं. हा माणूस तिचा वाढदिवस विसरला होता, एकदा तर तिला बसस्टँडवर विसरून घरी आला होता. पण हे तो कसा विसरेल?

डॉक्टर रझिया मुल्लाणींनी तिला स्वयंपाकघरात नेलं. रझिया कान-नाक-घशाच्या डॉक्टर, मंडळींतल्या जुन्या. दीड वर्षापूर्वी प्रभंजनला जवळजवळ ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्याच्या कानात 'कर्णिका' हे नव्या धर्तीचं श्रवणयंत्र त्यांनीच बसवलं होतं. "घाबरू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "पण एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ."

एकाने एक ऐकलं, बाकी सगळ्यांनी दुसरं. बैठक दर्दी माणसांची, सीडी पाठ असलेली. तेव्हा चूक त्या एकाच्या डोक्यात असणार, याबद्दल कुणाला शंकासुद्धा आली नाही.

*

मेंदूच्या डॉक्टरांनी प्रभंजनला घड्याळ काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले, पाच वस्तू दाखवून झाकल्या आणि विचारल्या. प्रभंजनने सगळं बिनचूक केलं आणि वर डॉक्टरांच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, सहा महिन्यांनी परत या.

आत्ता दिसत नाही, म्हणजे पुढे दिसेल, असा अर्थ मंजिरीने काढला. काळजीने माणसाची अक्कल जाते. तिने गॅसचा लायटर वरच्या फळीवर ठेवला. दिगंबर दोस्ताशी सावकाश, एकेक शब्द तोडून बोलायला लागले. प्रभंजनने दोन्ही गोष्टी पाहिल्या. एका सकाळी त्याने स्टूल आणून लायटर खाली काढला, चहा केला, कप मंजिरीसमोर ठेवला आणि म्हणाला, "सरळ विचारायचं होतंस, वेडा झालास का म्हणून. स्टुलावर चढायला तरी लागलं नसतं."

ती ओशाळली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "मग मला म्हणून दाखव. काय ऐकलंस ते."

त्याने म्हणून दाखवलं. प्रभंजनचा आवाज बेताचा, पण सुराला पक्का. निषादावरून किंचित झोका घेत तो वर गेला, षड्जावर थांबला आणि उतरताना त्याने एक अशी वळणदार हरकत घेतली की मंजिरी चहा प्यायची थांबली. ती हरकत सीडीत नव्हती. अंबूताईंच्या कुठल्याच ध्वनिमुद्रणात नव्हती. आणि तरी ती शंभर टक्के अंबूताईंचीच होती.

विसरणारा माणूस असलेलं विसरेल. नसलेलं इतकं सुरेल कुठून आणेल? मंजिरीने कप खाली ठेवला आणि रझियांना फोन लावला.

"तुझ्या दवाखान्यात दाखवायला ठेवलेली कर्णिका आहे ना? आठवडाभर मला दे."

*

कर्णिका मसुराच्या दाण्याएवढी. कानाच्या नळीत जाऊन बसली की आहे हेसुद्धा कळत नाही. पहिले काही दिवस मंजिरीने ती घालून दुकान चालवलं, दुपारी मिळतील ते अल्बम ऐकले. सगळेच बरे वाटले. मग चांगले वाटायला लागले. एरवी ज्यांच्या नावाने ती नाक मुरडायची, त्यांचंही बरं वाटायला लागलं. मग एका दुपारी, प्रभंजन बाहेर गेलेला असताना, तिने 'उगारची मैफल' लावली.

अंबूताई चढत गेल्या. आवाज फुटला. मंजिरीने सुटकेचा निःश्वास सोडला. म्हणजे कर्णिकेत काही खोट नव्हती. बाई खोकल्या. आणि मग, सीडीत त्या जे कधीच करत नाहीत ते त्यांनी केलं: त्या परत चढल्या. परत त्याच सुरावर आवाज फुटला, आधीपेक्षा हळू, एखादं कापड विरत जावं तसा. 'वय झालं हो,' बाई म्हणाल्या, पण सभेला नाही. अगदी जवळ बसून, मंजिरीला म्हणाल्या. लोक हसले नाहीत. बाईंनी तिसऱ्यांदा तो सूर मागितला आणि तिसऱ्यांदा तो त्यांच्या हातून निसटला, आणि त्यानंतर घेतलेला श्वास इतका लांब, इतका थकलेला होता की मंजिरी खुर्चीत बसल्या बसल्या हुंदके देऊन रडली. इतकं सुंदर तिने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

डोळे पुसून तिने कर्णिका काढली आणि सीडी पुन्हा लावली. आवाज एकदाच फुटला. खोकला कोरडा होता. 'वय झालं हो' जरा वैतागूनच म्हटलेलं होतं आणि मागे कुणीतरी फिदीफिदी हसत होतं. आधीच्या मानाने हे सपक वाटलं. सपक वाटलं म्हणून मंजिरीला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेमागून जो संताप आला तो पुढे कितीतरी दिवस उतरला नाही.

रझियांनी सगळं ऐकून घेतलं आणि कंपनीची पत्रकं काढून वाचली.

"ऐकताना आपला मेंदू स्वस्थ बसत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पुढचा सूर कोणता, याचा सारखा अंदाज बांधत असतो. अंदाज दर वेळी खरा ठरला तर कंटाळतो, पार चुकला तर वैतागतो. मधे कुठेतरी मजा असते. प्रत्येक अंदाजाबरोबर मेंदूत बारीकशी विद्युतलहर उठते, आणि कानाच्या नळीतल्या कातडीवरही तिचा माग लागतो. कर्णिका तो माग वाचते. गर्दीत तुला कुणाचं बोलणं ऐकायचंय हे तिला त्यावरूनच कळतं. इथवर उत्तम."

"आणि पुढे?"

"प्रभंजनच्या कानातल्या वरच्या पट्टीच्या पेशी मेल्यात. तिथला आवाज कितीही मोठा केला तरी पोचणार नाही. म्हणून कर्णिका तो आवाज नव्याने बनवते, त्याला ऐकू येईल असा. थोडक्यात, ती पहिल्यापासून ऐकवत नव्हतीच, रचत होती. आता रचायचंच आहे तर आवडेल असं का रचू नये? याला ते रसवर्धन म्हणतात. कंपनीकडे जगातलं बहुतेक ध्वनिमुद्रण साठवलेलं आहे. चार सूर ऐकले की कर्णिका अल्बम ओळखते, पुढे काय येणार हे तिला आधीच ठाऊक असतं. मला वाटायचं, हे फक्त कंपनीकडून घेतलेल्या गाण्यांपुरतं आहे. गेल्या महिन्यात त्यांनी एक सुधारणा पाठवली. आपोआप. आता खोलीत स्पीकरवर काहीही लागलं तरी..." रझियांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि मी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं."

"दोघींनी पाठवलं," मंजिरी म्हणाली.

*

कंपनीचं सेवाकेंद्र ताराराणी चौकाच्या अलीकडे, काचेच्या इमारतीत होतं. काउंटरवरच्या बाई हसतमुख होत्या.

"रसवर्धन बंद करून द्या," मंजिरी म्हणाली.

"नाही येत मॅडम. ऐकू येणं आणि आवडणं आता एकाच यंत्रणेत आहे. एक काढलं की दुसरं जातं."

"अहो, मी चष्मे विकते. चष्मा लावल्यावर अक्षर स्पष्ट दिसतं, मजकूर बदलत नाही. माझ्या चष्म्यातून लोकांना आपापली सासू प्रेमळ दिसायला लागली असती, तर मी कोल्हापुरात कशाला बसले असते?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. समोरच्या पडद्यावर बघत त्या म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचं समाधान फार चांगलं आहे, मॅडम. केंद्रातल्या सगळ्यात वरच्या लोकांत आहेत ते. तक्रार वापरणाऱ्यालाच करता येते. आणि ज्यांना रसवर्धन नको, त्यांना कर्णिका परत करावी लागते. ती सवलतीत दिलेली असते, त्याच अटीवर."

"म्हणजे खोटं ऐका, नाहीतर बहिरे व्हा."

"आम्ही त्याला खोटं म्हणत नाही, मॅडम."

"तुम्ही काय म्हणता ते बघितलं मी पत्रकात," मंजिरी म्हणाली आणि तरातरा बाहेर पडली.

*

घरी तिने प्रभंजनला समोर बसवून सगळं सांगितलं. फक्त स्वतः कर्णिका घातल्याचं सांगितलं नाही. तो शांतपणे ऐकत होता, आणि ते तिला आवडेना.

"झालं?" त्याने विचारलं. "आधी डोकं तपासून आणलंस, आता कान. पुढच्या आठवड्यात काय, काळीज?"

"प्रभंजन, तो सूर बाईंनी लावलेलाच नाही."

"नसेल. मला ऐकू आला ना? महिनाभर एकटा असताना तोच ऐकतोय मी, आधीचं आता आठवतही नाही." त्याचा आवाज चढला. "तुला माहितेय, कर्णिका नव्हती तेव्हा रविवारी मी काय करायचो? दिगंबरची मान हलली की माझी हलवायचो. तू डोळे मिटलेस की मी मिटायचो. जागा सांगायची पाळी आली की जुनी आठवण काढून काहीतरी दडपून द्यायचो. चार वर्षं! तुमच्यात बसून मी नुसता तुमची तोंडं बघत होतो. कुणाला कळलं? तुला कळलं?"

तिला कळलं नव्हतं.

"मग कर्णिका आली, आणि मला संगीत परत मिळालं. आता तू म्हणतेस ते नकली आहे, काढून दे. तुझ्या मनासारखं व्हावं म्हणून मी बहिरा होऊ?"

त्याचं म्हणणं रास्त होतं, आणि म्हणूनच मंजिरीला ते सहन होईना. "तुझं सुख काढून घ्यायला मी काय राक्षसीण आहे?" ती ओरडली. "पण आजकाल तुला सगळंच आवडतं! काहीही लावा, प्रभंजन खूश. मी शेजारी बसते, तू भलतीकडेच असतोस. मला एकटीला ऐकावं लागतं, कळतंय का तुला?" आणि मग जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेही तोंडातून निघून गेलं. "मी पण घातली ती. रझियाच्या दवाखान्यातली. मी पण ऐकली 'उगारची मैफल'."

"मग? लागला षड्ज?"

"नाही. तीनदा फुटला. मला फुटलेला आवडतो ना, म्हणून तीनदा. तिसऱ्या वेळी तर मी रडले. सीडीपेक्षा चांगलं होतं ते, प्रभंजन. खूपच चांगलं होतं. त्याचाच तर राग येतोय मला."

प्रभंजन एकदम थांबला. खालून रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"तुझ्यासाठी तीनदा," तो हळू म्हणाला. "आणि माझ्यासाठी एकदाही नाही."

"हो."

"म्हणजे बाई आपल्याकडे आल्याच नाहीत."

मंजिरीने मान डोलावली.

"त्या बाईने तो तुकडा कापू दिला नव्हता गं." प्रभंजन उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "बुढ्ढी झाली, आवाज गेला, सगळ्यांसमोर फजिती झाली, तरी म्हणाली राहू द्या. आणि मी? जो सूर तिला लागला नाही, त्याला मांडीवर थाप मारून दाद दिली. आपल्यात खोटी दाद देणाऱ्याला चोर म्हणतात, माहितेय ना तुला?" त्याने हाताने कान चाचपला. "चार वर्षं दिगंबरची मान बघून दिली ती तरी उधारीची होती. ही दाद कुणाला दिली मी? गाणारं तर कुणी नव्हतंच. मलाच दिली ना?"

त्याचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र रागाने लाल झाला होता. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत मंजिरीने त्याला इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. तिच्यावर नव्हता तो राग, एवढं तिला समजलं.

*

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून सेवाकेंद्रात गेले. काउंटरवर त्याच बाई होत्या.

"तक्रार करायचीय," प्रभंजन म्हणाला.

"काय त्रास होतोय, सर?"

"काही म्हणजे काहीच त्रास होत नाही. हीच तक्रार आहे."

बाईंनी समजावलं. साहेब बाहेर आले, त्यांनीही समजावलं. वयाची आठवण करून दिली, रस्ता ओलांडताना गाडीचा भोंगा ऐकू येणार नाही याची आठवण करून दिली, पुढच्या सुधारणेत आवडीचं प्रमाण कमी-जास्त करता येईल असं आमिषही दाखवलं. प्रभंजनने सगळं ऐकून घेतलं. मग मान तिरपी करून त्याने कर्णिका काढली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. साहेब अजून बोलतच होते. प्रभंजनला आता त्यांचे नुसते ओठ दिसत असणार.

"आता काय बोलायचं ते बोला," तो जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणाला, "मला काही ऐकू येत नाही." आणि मंजिरीचा हात धरून तो पायऱ्या उतरला.

रस्त्यावर आल्यावर मात्र त्याने तिचा हात घट्ट धरला. रिक्षा अगदी जवळून गेली तेव्हा तो दचकला. मंजिरीला वाटलं, आपण याचं काय करून बसलो. तिने त्याच्याकडे पाहून 'परत जायचं का?' अशी खूण केली. प्रभंजनने इतक्या जोरात मान हलवली की त्याचा चष्मा नाकावर घसरला.

रझियांनी कपाट धुंडाळून जुन्या पद्धतीचं कानामागे लावायचं यंत्र शोधून काढलं. मोठं, राखाडी, बाजूला एक चकती. "हे फक्त मोठं करतं," त्यांनी प्रभंजनच्या कानाशी ओरडून सांगितलं. "चांगलं वाईट त्याला कळत नाही. वरचे सूर येणार नाहीत. शिट्टी मारेल. खरखर होईल."

"होऊ दे," प्रभंजन म्हणाला.

पुढच्या रविवारी दाराशी चपलांच्या शेजारी एक स्टीलची ताटली ठेवलेली होती. कर्णिका असेल त्याने ती तिथे काढून आत यायचं, असं मंजिरीने जाहीर केलं. मंडळींतले सुपारीचे व्यापारी शेट्टर, जे त्या षड्जाच्या रविवारी आलेच नव्हते, ताटली बघून रागावले आणि आल्या पावली परत गेले. हा मागासपणा आहे, असं जिन्यावरून ओरडून गेले. मंजिरीने वरून ओरडून सांगितलं, आहेच. दिगंबर मात्र ताटलीपाशी बराच वेळ रेंगाळले. मग कानात बोट घालून त्यांनी हळूच एक दाणा काढला.

"तुम्हीसुद्धा?" मंजिरी थक्क झाली.

"नातीनं घातली वो वहिनी, दिवाळीत. फोन घ्यायला बरी पडती म्हणून." ते खजील झाले होते. "पण त्या दिवशी न्हवती हं. देवाशपथ."

प्रभंजनने एक अट घातली होती. 'उगारची मैफल' लावायची नाही. बाईंना तोंड दाखवायला मला वेळ लागेल, तो म्हणाला. आज असं काहीतरी लावा जे इथल्या कुणीच ऐकलेलं नाही. रझियांनी आणलेल्या अल्बमचं नाव होतं 'दुसरी पाळी'. इचलकरंजीच्या तीन मुलींनी यंत्रमागाचा खडखडाट ध्वनिमुद्रित करून त्यावर हलगी आणि क्लॅरिनेट वाजवला होता. कंपनीला त्यांनी तो द्यायचाच नाही असं ठरवलं होतं. ज्याला हवा त्याला त्या हाताने सीडी देत.

मंजिरीचं लक्ष गाण्यात कमी आणि नवऱ्याकडे जास्त होतं. प्रभंजन पुढे वाकून बसला होता. यंत्र मधेच शिट्टी मारायचं, तो चकती फिरवायचा. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याने डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही, आणि एकदाही दिगंबरकडे पाहिलं नाही. हळूहळू मंजिरीही त्याला विसरली आणि ऐकायला लागली.

अल्बम संपला. माग थांबल्यावर खोली फार शांत वाटली.

"बोल प्रभ्या," दिगंबर मोठ्याने म्हणाले. "जागा?"

"भिकार," प्रभंजन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"हलगी बरी आहे. बाकी पोरींनी वाट लावलीय. चांगला माग चाललाय, त्यात तो क्लॅरिनेट कशाला कडमडतो?"

"कडमडतो?" मंजिरी ताडकन म्हणाली. "अरे, त्या क्लॅरिनेटवर तर सगळं उभं आहे! माग बंद पडतो आणि तो एकटाच वाजत राहतो, तिथे माझ्या अंगावर काटा आला!"

"वाजत कुठे राहतो? मधेच तुटतो! दम संपलाय पोरीचा, सूर खाली घसरलाय, सरळ ऐकू येतंय!"

मंजिरी उत्तर द्यायला गेली आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. सूर घसरला होता. अगदी किंचित, दम संपता संपता. तिनेही ऐकलं होतं. त्याने खरखरीतून, शिट्टीतून, अर्ध्यामुर्ध्या कानाने तोच सूर, तिथेच, तसाच घसरताना ऐकला होता. तिचा ऊर इतका भरून आला की आता रडू फुटतं की काय असं तिला वाटलं. पण रडण्याची ही वेळ नव्हती. हा माणूस साफ चुकत होता.

"घसरलाय म्हणूनच चांगला आहे!" ती म्हणाली. "तुला काय, घोटून गुळगुळीत केलेलं हवं?"

"गुळगुळीत नको, पण सुरात तरी असेल की नाही? माझे कान गेलेत मंजू, अक्कल नाही गेलेली!"

"ते मी ठरवेन!"

"तू कोण ठरवणार? तुझी आवड मला ठाऊक आहे, जरा कुणी धडपडलं की तुझ्या डोळ्यांत पाणी!"

"आणि तुला कुणी धडपडलेलं बघवत नाही!"

दोघंही उभे राहिले होते. आवाज खालच्या दुकानापर्यंत जात होता. दिगंबरनी भडंगाचा डबा मांडीवर घेतला आणि रझियांकडे सरकवला. रझिया चष्म्याआडून डोळे टिपत होत्या आणि हसतही होत्या.

"दिगंबरभाऊ, लावा ते परत," मंजिरी म्हणाली. "पहिल्यापासून लावा. आज ह्याच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय मी उठणार नाही."

"लाव रे," प्रभंजन म्हणाला. त्याने खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली, यंत्राची चकती शेवटपर्यंत फिरवली आणि भांडणाच्या तयारीत पुढे सरसावून बसला.